शंका-समाधान : काचेवरचा पिवळा थर आणि मूत्रपिंडाची राखण

विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत चालणाऱ्या संशोधनाविषयी या वेळी आलेली पत्रे दोन गटांत मोडतात. एका गटात पदार्थविज्ञानाचे आणि रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहेत. ते काचेवर अर्धवाहकांचे पातळ थर, म्हणजे त्यांच्या रोजच्या बोलण्यातल्या थिन फिल्म, तयार करतात. दुसऱ्या गटात औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी आणि काही सामान्य वाचक आहेत. ऑक्सिडीकरणाची झीज रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंट पदार्थांनी मूत्रपिंडाचे रक्षण होते का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. दोन्ही विषय एकत्र का घेतले, ते दुसऱ्या उत्तरात कळेल.

प्रश्न : मी रासायनिक बाथ पद्धतीने काचपट्टीवर कॅडमियम सल्फाइडचे थर बसवते. कधी थर पारदर्शक आणि पक्का मिळतो, तर कधी अगदी त्याच कृतीने केलेल्या थरावरून बोट फिरवले की पिवळी भुकटी हाताला लागते. शिवाय माझ्या थराचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) २.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येतो, पुस्तकात २.४२ दिला आहे. हा क्वांटम परिणाम, म्हणजे कण फार लहान झाल्यामुळे गॅप वाढण्याचा प्रकार, आहे असे प्रबंधात लिहावे का?
— पदव्युत्तर प्रकल्प करणारी विद्यार्थिनी

उत्तर : आधी भुकटीचे पाहू. आपल्या चंचुपात्रात एकाच वेळी दोन क्रिया चाललेल्या असतात आणि दोघींना लागणारा कच्चा माल एकच असतो. अमोनियाने कॅडमियमचे बहुतेक आयन स्वतःशी बांधून ठेवलेले असल्यामुळे द्रावणात मोकळे कॅडमियम अगदी थोडे असते, आणि थायोयुरिया अल्कधर्मी द्रावणात तापल्यावर सावकाश विघटित होऊन सल्फाइडचे आयन सोडत असते. हे दोन्ही आयन थोडेथोडे करून काचेच्या पृष्ठभागावरच एकत्र आले, तर थर आयनागणिक वाढतो, काचेला घट्ट धरून राहतो आणि नितळ, चकचकीत दिसतो. तेच आयन द्रावणाच्या मध्यावर एकत्र आले, तर तिथेच सूक्ष्म कण बनतात, त्यांचे पुंजके होतात आणि हे पुंजके नंतर काचेवर येऊन नुसते टेकतात. आपल्या बोटाला लागते ती हीच भुकटी.

एखाद्या दिवशी ७० ते ८० अंश सेल्सिअसला ठेवलेल्या बाथसमोरून न हलता तो पाहावा. सुरुवातीला काहीच घडत नाही. मग द्रावणाला फिकट पिवळी झाक येते, तरी पात्रामागे धरलेल्या कागदावरची अक्षरे अजून वाचता येतात. त्यानंतर थोड्याच वेळात ती अक्षरे पुसट होतात, द्रावण गढूळ होते आणि तळाशी नारिंगीकडे झुकणारा पिवळा गाळ जमू लागतो. चांगल्या थराची वाढ मुख्यतः अक्षरे दिसत असतात तोवरच होते. त्यापुढे काचपट्टी बाथमध्ये ठेवली तर जाडी वाढल्याचे समाधान मिळते, पण त्या जाडीतला बराच भाग पुंजक्यांचा असतो. म्हणून घड्याळाकडे पाहून पट्टी काढण्यापेक्षा द्रावणाच्या रंगाकडे पाहून ती काढणे अधिक शहाणपणाचे.

‘त्याच कृतीने’ वेगळा थर मिळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण अमोनिया हे आहे. पात्र उघडे असेल तर तापलेल्या द्रावणातून अमोनिया उडून जातो, सामू खाली येतो, बांधलेले कॅडमियम मोकळे होते आणि द्रावणाच्या मध्यावरच अवक्षेपण सुरू होते. पात्राचे तोंड किती रुंद आहे, त्यावर झाकण आहे की नाही, अमोनियाची बाटली उघडून किती दिवस झाले, या गोष्टी बहुतेक वह्यांत लिहिलेल्या नसतात आणि नेमका फरक तिथेच पडतो. झाकण ठेवावे, अमोनियाचे प्रमाण थोडे वाढवून पाहावे, थायोयुरिया कमी करावा, चुंबकीय ढवळणी एकाच वेगाने चालू ठेवावी, काचपट्टी उभी किंवा किंचित तिरकी ठेवून तिची खालच्या बाजूस झुकलेली बाजू मोजमापासाठी वापरावी, कारण वरच्या बाजूवर गाळ येऊन बसतो. शेवटी पट्टी शुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिक बाथमध्ये थोडा वेळ धुवावी. जो थर या धुण्याने निघून जातो तो मोजण्यासारखा नव्हताच.

आता बँड गॅप. शोषणाच्या मोजणीवरून टाऊक आलेख काढून त्याचा सरळ भाग ऊर्जेच्या आडव्या अक्षापर्यंत वाढवायचा आणि छेदबिंदू वाचायचा, ही पद्धत १९६६ पासून चालत आली आहे. तिच्यातला एक बारकावा फार जणांच्या लक्षात येत नाही. थराच्या जाडीत चूक झाली तर शोषणगुणांक सर्वत्र एकाच पटीने बदलतो, त्यामुळे छेदबिंदू जागचा हलत नाही. छेदबिंदू हलतो तो परावर्तन आणि विकिरण वजा न केल्यामुळे, कोऱ्या काचेचे शोषण न वगळल्यामुळे, किंवा आलेखाचा नेमका कोणता तुकडा सरळ मानायचा याबाबत हात सैल सोडल्यामुळे. भुकटी असलेला थर प्रकाश विखुरतो. गॅपपेक्षा कमी ऊर्जेच्या भागातही पारगमन घटलेले दिसते आणि आलेखाचा तळ वर उचलला जातो. अशा आलेखावर पट्टी ठेवून २.४ पासून २.५ पर्यंतचा कोणताही आकडा काढता येतो. तरंगलांबीत बोलायचे तर २.४२ म्हणजे सुमारे ५१२ नॅनोमीटर आणि २.५ म्हणजे ४९६ नॅनोमीटर. अंतर अवघे १६ नॅनोमीटरचे आहे.

क्वांटम परिणामाचा दावा करण्यापूर्वी स्वतःच्याच प्रबंधातले एक्स-रे विवर्तनाचे प्रकरण उघडून पाहावे. कॅडमियम सल्फाइडमध्ये हा परिणाम ठळक दिसायला स्फटिककण साधारण पाच-सहा नॅनोमीटर किंवा त्याहून लहान असावे लागतात. एका प्रकरणात विवर्तन-शिखराच्या रुंदीवरून, म्हणजे शेरर समीकरणाने, कणाचा आकार २० नॅनोमीटर काढायचा आणि पुढच्या प्रकरणात वाढलेल्या बँड गॅपचे श्रेय कणांच्या लहानपणाला द्यायचे, हे एकमेकांशी जुळत नाही. १९१८ मध्ये मांडलेले ते समीकरण शिखराची सगळी रुंदी कणांच्या आकारामुळे आली असे धरून चालते. उपकरणाची स्वतःची रुंदी आणि थरातला ताण वेगळा काढला नाही तर उत्तर खऱ्यापेक्षा लहान येते. थर तापवून पाहिल्यास बरेच कळते. कण वाढल्यावर गॅप पायरीपायरीने २.४२ कडे सरकला आणि शिखरेही त्या प्रमाणात अरुंद झाली, तर आपल्या म्हणण्याला आधार मिळेल.

जाता जाता आणखी एक गोष्ट. सुमारे २६.५ अंशांवर मिळणाऱ्या एकाच शिखरावरून ‘आमचा थर षट्कोनी रचनेचा आहे’ असे लिहू नये. षट्कोनी आणि घनाकृती या दोन्ही रचनांचे प्रमुख शिखर तिथेच येते, आणि पातळ थरात कण एकाच दिशेने उभे राहिले की बाकीची शिखरे दिसतही नाहीत.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत या बाथचे उरलेले द्रावण सर्रास बेसिनमध्ये ओतले जाते. विचारले तर प्रमाण फार थोडे असल्याचे सांगतात. खरोखरच काळजीचे कारण आहे का?
— संशोधक विद्यार्थी

उत्तर : आहे. थरातले कॅडमियम सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण उरलेल्या बाथमध्ये न वापरलेले कॅडमियम विद्राव्य रूपात शिल्लक असते. कॅडमियमच्या बाबतीत ‘थोडे’ या शब्दावर भिस्त ठेवता येत नाही, कारण ते शरीरातून जवळजवळ बाहेर पडतच नाही. मूत्रपिंडातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला १० ते ३० वर्षे लागतात. अन्नावाटे गेलेल्या कॅडमियमचा सुमारे २० वा भागच शरीर शोषते. श्वासावाटे गेलेल्या सूक्ष्म धुळीतून मात्र त्याच्या कितीतरी पट अधिक आत जाते. त्यामुळे वाळलेली पिवळी भुकटी झटकणे, थर तोंडाने फुंकून साफ करणे किंवा बाहेर काढण्याची हवा बंद ठेवून थर तापवणे या सवयी बेसिनइतक्याच वाईट आहेत.

दोन्ही गटांची पत्रे एकाच सदरात घ्यायला लावणारा धातू हाच. यकृतात पोहोचलेले कॅडमियम मेटॅलोथायोनिन नावाच्या लहानशा प्रथिनाशी बांधले जाते. हे प्रथिन १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडातून वेगळे काढले गेले, तेही कॅडमियम बांधणारे प्रथिन म्हणूनच. त्यातल्या २० सिस्टीनांच्या गंधक-गटांमुळे एक रेणू सात धातूआयन धरू शकतो. बांधलेले असेपर्यंत कॅडमियम फारसे उपद्रवी नसते. पण हे लहान प्रथिन रक्तातून मूत्रपिंडाच्या गाळणीवाटे पुढे येते आणि गाळणीच्या लगेच पुढचा नलिकेचा भाग, कोणतेही प्रथिन वाया जाऊ द्यायचे नाही या आपल्या शिरस्त्याप्रमाणे, ते परत आत ओढून घेतो. पेशीच्या आत प्रथिनाचे पचन होते आणि धातू मोकळा होतो. पेशी पुन्हा नवे मेटॅलोथायोनिन बनवून त्याला बांधू पाहते. वर्षानुवर्षे हेच चालते, आणि एका मर्यादेनंतर बांधण्याची क्षमता अपुरी पडते.

पुढे जे घडते तिथे ऑक्सिडीकरणाचा संबंध येतो. कॅडमियम शरीरात नेहमी एकाच संयुजा-अवस्थेत राहते, त्यामुळे लोह किंवा तांब्याप्रमाणे ते स्वतः इलेक्ट्रॉनांची देवघेव करून मुक्त मूलके (एकटा इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील रेणू) तयार करत नाही. त्याचा मार्ग आडवळणाचा आहे. ते ग्लुटाथायोन हे पेशीचे संरक्षक द्रव्य अडवून ठेवते, प्रथिनांतल्या लोह-तांब्याला जागेवरून हटवून मोकळे करते आणि मायटोकाँड्रियातल्या इलेक्ट्रॉनांच्या साखळीत अडथळा आणते. परिणामी पेशीतली ऑक्सिडीकरणाची झीज वाढते, तरीही प्रत्यक्ष आरोपी धातूचे काम मात्र बंधनाचे आणि विस्थापनाचे असते. रुग्णाच्या लघवीत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसारखी लहान प्रथिने दिसू लागतात तेव्हा नलिकेची शोषणशक्ती घटल्याचा तो पहिला पुरावा असतो. मूत्रपिंडाच्या कामाचा नेहमीचा निर्देशक असलेले रक्तातले क्रिएटिनिन त्या वेळी अगदी सर्वसाधारण असू शकते. जपानमधल्या जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे झालेला इताई-इताई हा आजार तिथल्या सरकारने १९६८ मध्ये प्रदूषणजन्य म्हणून मान्य केला. त्यात नलिका निकामी झाल्यावर हाडेही ठिसूळ झाली होती.

तेव्हा द्रावण झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यात साठवावे आणि विषारी कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे सोपवावे. त्या डब्यात आम्ल ओतू नये; सल्फाइड असलेल्या कचऱ्यात आम्ल मिसळले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. प्रकल्पाचा हेतू सौर घटासाठी मध्यस्थ थर बनवणे एवढाच असेल, तर झिंक सल्फाइड, इंडियम सल्फाइड किंवा मॅग्नेशियम मिसळलेले झिंक ऑक्साइड यांचाही विचार मार्गदर्शकांपुढे मांडावा.

प्रश्न : आमच्या गटाने एका वनस्पतीचा अर्क काढला. डीपीपीएच चाचणीत तो ॲस्कॉर्बिक आम्लाच्या जवळपास पोहोचतो. मूत्रपिंडाला इजा करणारे जेंटामायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या उंदरांमध्ये अर्काच्या गटाचे क्रिएटिनिन आणि मॅलोनडायआल्डिहाइड (स्निग्धाच्या ऑक्सिडीकरणाची खूण) कमी आले, ग्लुटाथायोन वाढले. ‘अँटिऑक्सिडंट गुणांमुळे मूत्रपिंडाचे रक्षण होते’ असा निष्कर्ष काढण्यात परीक्षकांना अडचण का वाटावी?
— औषधनिर्माणशास्त्राचा संशोधक विद्यार्थी

उत्तर : रक्षण झाले हे आपण दाखवले आहे. ते अँटिऑक्सिडंट गुणांमुळे झाले, हे अजून दाखवायचे आहे.

डीपीपीएच हे नायट्रोजनवर बसलेले, बाटलीत महिनोन्महिने टिकणारे मूलक आहे. मेथॅनॉलमधल्या त्याच्या जांभळ्या द्रावणात अर्क टाकला की ते पिवळे पडते, आणि ५१७ नॅनोमीटरला शोषण किती घटले ते आपण मोजतो. ही चाचणी अर्क इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊ शकतो एवढे सांगते, तेही मेथॅनॉलमध्ये. शरीरात असे मूलक नाही, मेथॅनॉलही नाही. वनस्पतींतले बहुतेक फ्लॅव्होनॉइड आतड्यात आणि यकृतात बदलले जातात आणि रक्तात त्यांची मात्रा चाचणीतल्या मात्रेच्या तुलनेत फार अल्प राहते. म्हणून अर्काने मूत्रपिंडात जाऊन मुक्त मूलके थेट टिपली, हे चित्र बहुधा खरे नसते. अर्कातला एखादा घटक पेशीतला एनआरएफ-२ हा नियंत्रक जागा करतो आणि पेशी स्वतःच ग्लुटाथायोन व संरक्षक विकरे अधिक बनवू लागते, ही शक्यता अधिक पटण्यासारखी आहे. पण ती तपासावी लागते. डीपीपीएचवरून ती सिद्ध होत नाही.

याहून मोठी फट दुसरीकडे आहे. जेंटामायसिन नलिकेच्या पेशीत शिरते ते मेगॅलिन या ग्राहक प्रथिनाच्या मार्गाने, आणि मग लायसोसोममध्ये साठत जाते. कर्करोगावरचे सिसप्लाटिन हे औषध मुख्यतः ओसीटी-२ या वाहकातून आत जाते. आपल्या अर्काने यांपैकी एखादी वाट अडवली, तर औषध पेशीत पोहोचणारच नाही. इजा कमी होईल, मॅलोनडायआल्डिहाइड कमी येईल, ग्लुटाथायोन टिकून राहील, आणि या सगळ्यात अँटिऑक्सिडंट गुणाचा काडीमात्र वाटा नसेल. निष्कर्षाचे आकडे दोन्ही परिस्थितींत सारखेच दिसतील. म्हणून मूत्रपिंडाच्या ऊतीत औषध किती साठले, हे मोजल्याखेरीज कारणाविषयी बोलू नये. प्रकाशित होणाऱ्या कामांत ही मोजणी क्वचितच आढळते, आणि परीक्षकांची शंका मला तरी रास्त वाटते.

मोजमापांकडेही जरा संशयाने पाहावे. क्रिएटिनिनसाठी अजूनही वापरात असलेली जाफे पद्धत १८८६ ची आहे. पिक्रेटशी होणाऱ्या तिच्या नारिंगी रंगात ॲस्कॉर्बिक आम्लासारखे इतर पदार्थही भर घालतात. मॅलोनडायआल्डिहाइडची ५३२ नॅनोमीटरची गुलाबी चाचणी इतर आल्डिहाइडांनाही प्रतिसाद देते. रंगीत अर्क दिलेल्या प्राण्याच्या रक्तात यांतले काय मिसळले असेल, हे कोरा अर्क आणि ठरावीक क्रिएटिनिन मिसळून तपासणे कठीण नाही. शिवाय क्रिएटिनिन उशिरा बोलते. गाळण्याची क्षमता निम्म्यापर्यंत घसरली तरी ते फारसे वाढत नाही, म्हणून किम-१ किंवा एनगॅल या प्रथिनांसारखा एखादा लवकर कळणारा निर्देशक सोबत घ्यावा.

ऊतीचा छेद पाहणे हा या सगळ्यातला सर्वांत प्रामाणिक भाग, जर पाहणाऱ्याला गट ठाऊक नसेल तर. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलेल्या निरोगी छेदात नलिकांच्या भिंतीतल्या पेशी गुलाबी, भरीव आणि एकमेकींना लागून उभ्या दिसतात आणि आतल्या कडेला केसाळ किनार असते. जेंटामायसिनच्या आठवड्यानंतर ती किनार झडलेली असते, काही पेशी फुगून पोकळ्यांनी भरलेल्या, काही भिंतीपासून सुटून नलिकेच्या मधोमध पडलेल्या, आणि पुढच्या नलिकांत त्यांच्या अवशेषांचे गुलाबी साचे अडकलेले दिसतात. अर्काच्या गटातला छेद ‘बराचसा सामान्य’ असे लिहिण्याऐवजी किती नलिकांपैकी किती बाधित, हे मोजून लिहावे. छायाचित्रासाठी चांगली जागा निवडण्याचा मोह कोणाला होत नाही?

आता वेळेचा प्रश्न. अशा बहुतेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधी किंवा विषाबरोबर दिलेला असतो. उंदराला जेंटामायसिन रोज किलोमागे ८० ते १०० मिलिग्रॅम देतात. माणसाची नेहमीची मात्रा किलोमागे पाच ते सात मिलिग्रॅमच्या घरात असते. हे मॉडेल उपयोगी आहे, पण त्यातून प्रतिबंधाविषयी कळते. इजा होऊन गेल्यावर येणाऱ्या रुग्णाविषयी काहीच कळत नाही. सिसप्लाटिन वापरणार असाल तर आणखी एक पेच आहे. या औषधाचा शोधच मुळी एका पदार्थाच्या अनपेक्षित वागण्यातून लागला: बार्नेट रोझेनबर्ग १९६५ मध्ये जिवाणूंवर विद्युतक्षेत्राचा परिणाम पाहत होते आणि निष्क्रिय समजलेल्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडांतून सुटलेल्या संयुगांनीच जिवाणूंचे विभाजन थांबवले होते. कर्करोगावर ते गुणकारी ठरते आणि मूत्रपिंडाला घातकही. मूत्रपिंड वाचवणारा अर्क गाठीलाही वाचवत असेल तर रुग्णाचा त्यात तोटाच आहे. म्हणून गाठ असलेल्या प्राण्यांवरची चाचणी टाळता येत नाही.

या क्षेत्राने माणसांवरच्या चाचण्यांत दोन मोठे धडे घेतले आहेत आणि आपल्या प्रबंधाच्या चर्चेत त्यांना जागा असावी. एक्स-रे तपासणीसाठी शिरेतून देण्यात येणाऱ्या आयोडीनयुक्त द्रव्याने मूत्रपिंडाला होणारी इजा ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंट औषधाने टळते, असे २००० मध्ये ८३ रुग्णांच्या एका चाचणीत दिसले, आणि पुढची कित्येक वर्षे रुग्णालयांत ते सर्रास दिले गेले. २०१८ मध्ये सुमारे ५,००० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले; मृत्यू, डायालिसिसची गरज किंवा टिकून राहणारी मूत्रपिंडाची हानी, यांपैकी कशातही फायदा आढळला नाही. दुसरा धडा बार्डॉक्सोलोन मिथाइलचा. हे औषध एनआरएफ-२ जागवते, आणि मधुमेहामुळे मूत्रपिंड गंभीर रीतीने बिघडलेल्या २,१८५ रुग्णांवरच्या चाचणीत गाळण्याच्या दराचा अंदाज खरोखरच सुधारलेला दिसला. पण हृदयनिकामीपणाचे प्रसंग वाढल्यामुळे ती चाचणी २०१२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. निर्देशक सुधारला, रुग्ण सुधारला नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांना मूत्रपिंडाचा जुनाट विकार आहे. अँटिऑक्सिडंट गोळ्या किंवा वनस्पतींची चूर्णे देऊन पाहावीत का?
— एक वाचक

उत्तर : वडिलांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नये. क जीवनसत्त्वाचा शरीरात काही अंशी ऑक्झॅलेट होतो. मोठ्या मात्रेत घेतल्यास ते दुबळ्या मूत्रपिंडात साचून उरलीसुरली क्षमताही घालवू शकते. चूर्णांत पोटॅशियम किती आहे, हे वेष्टनावर लिहिलेले नसते. वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, असे धरून चालू नये: १९९३ मध्ये उघडकीस आल्याप्रमाणे बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या उपचारातल्या चूर्णात एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती आली आणि तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली, त्यांच्यापैकी काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. रक्तदाब आणि असल्यास मधुमेह काबूत ठेवणे, वेदनाशामक गोळ्या स्वतःहून न घेणे आणि नेमून दिलेली औषधे न चुकवणे, यांतून वडिलांचा खात्रीने फायदा होईल.

प्रश्न : पातळ थरांचे संशोधन आणि मूत्रपिंडाचे संशोधन, कॅडमियमचा धोका सोडल्यास, कुठे उपयुक्त रीतीने एकत्र येते का?
— पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक

उत्तर : येते. सर्वांत सरळ उदाहरण डायालिसिसच्या गाळणीचे आहे. पोकळ धाग्यांच्या आतल्या भिंतीवरून रक्त वाहते तेव्हा परक्या पृष्ठभागाशी आलेल्या संपर्काने पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. म्हणून त्या पृष्ठभागावर ई जीवनसत्त्वाचा थर बसवलेल्या गाळण्या १९९० च्या दशकापासून वापरात आल्या. पातळ थर, अँटिऑक्सिडंट आणि मूत्रपिंड या तिन्ही गोष्टी इथे अक्षरशः एका धाग्यावर आहेत. रक्तातले ऑक्सिडीकरणाचे निर्देशक या गाळण्यांनी कमी होतात. रुग्णांचे आयुष्य त्याने वाढते असे मात्र ठामपणे दाखवता आलेले नाही.

दुसरे उदाहरण युरिया ओळखणाऱ्या संवेदकाचे. झिंक ऑक्साइडचा थर साधारण ९.५ सामूला विद्युतदृष्ट्या उदासीन असतो आणि युरिएज हे विकर ५ च्या आसपास, त्यामुळे रक्ताच्या सामूला एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण प्रभार येऊन विकर थरावर आपोआप चिकटून बसते. त्यावर कित्येक प्रबंध लिहिले गेले आहेत. त्यांच्यात एक प्रश्न हळूच टाळलेला असतो: लघवीचा सामू ४.५ पर्यंत खाली जाऊ शकतो आणि झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते. बफर द्रावणात उत्तम चालणारा संवेदक खऱ्या नमुन्यात किती वेळ टिकला, हे विचारल्याशिवाय त्याची संवेदनशीलता वाचून हुरळून जाऊ नये.

तिसरे उदाहरण सेरियम ऑक्साइडचे आहे आणि मला ते सर्वांत रंजक वाटते. सेरियम तीन आणि चार या दोन संयुजांमध्ये सहज ये-जा करते, म्हणून त्याचे नॅनोकण सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटालेज या विकरांची नक्कल करतात, आणि ती नक्कल वापरून संपत नाही. यांपैकी कोणत्या विकरासारखे ते वागतील, हे दोन संयुजांच्या प्रमाणावर ठरते. ते प्रमाण मोजण्याचे कसब पातळ थरांवर काम करणाऱ्यांकडे असते, आणि एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटाच्या मोजणीत निर्वात आणि एक्स-रे यांच्यामुळेच सेरियमचे काही क्षपण होते, हेही त्यांनाच ठाऊक असते. जीवशास्त्रज्ञ अनेकदा आकडा घेतात आणि ही मेख घेत नाहीत. शरीरात सोडलेले हे कण यकृतात आणि प्लीहेत दीर्घकाळ अडकून राहतात. मूत्रपिंडाची गाळणी साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा मोठे कण सहजी बाहेर जाऊ देत नाही. एकत्रित प्रकल्प घ्यायचा असेल तर इथे घ्यावा.

प्रश्न : अशा प्रयोगांत उंदरांऐवजी पेशी वापरून भागणार नाही का? आणि उंदीरच घ्यायचे तर प्रत्येक गटात सहाच का?
— प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी

उत्तर : काही प्रश्नांसाठी भागते. अर्क मुळात पेशींना विषारी आहे का, एनआरएफ-२ जागतो का, हे माणसाच्या नलिकेपासून तयार केलेल्या एचके-२ सारख्या पेशींवर पाहता येते आणि तिथे नापास झालेला अर्क प्राण्यांपर्यंत नेण्याचे कारण उरत नाही. पण प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या या पेशी औषधे आत घेणाऱ्या वाहकांपैकी बरेच गमावून बसतात, तेव्हा औषधाचा प्रवेश अडतो का, हा वरच्या उत्तरातला कळीचा प्रश्न त्यांना विचारण्यात अर्थ नाही. प्राणी टाळावेत, कमी करावेत आणि त्यांचे क्लेश घटवावेत, ही १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली त्रिसूत्री नैतिकता समित्या आजही वापरतात. तिच्यातल्या ‘कमी करावेत’ याचा अर्थ गरजेपेक्षाही कमी, असा मात्र नाही. सहा हा आकडा बहुधा आधीच्या शोधनिबंधातून उचललेला असतो. किती फरक महत्त्वाचा मानायचा आणि त्या मोजमापात प्राण्याप्राण्यांत किती चढउतार असतो, यांवरून संख्या काढावी लागते. ती सहापेक्षा कमीही येईल, जास्तही येईल. एका गटाचे सगळे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले असतील तर अर्काचा परिणाम आणि पिंजऱ्याचा परिणाम वेगळा करता येणार नाही, म्हणून गट पिंजऱ्यांमध्ये विभागून टाकावेत आणि कोणत्या उंदराला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. हे सगळे पहिली सुई टोचण्याआधी, संख्याशास्त्र जाणणाऱ्या कोणाबरोबर तरी बसून कागदावर मांडलेले असावे.